संगीत शून्य, टायर शंभर

मार्च आला की आमच्या व्हाइटफील्डमधली टॅबेबुइयाची झाडं अंगावर एक पान न ठेवता नुसती गुलाबी होतात. लोक भर रस्त्यात गाड्या थांबवून फोटो काढतात, मागचे हॉर्न बडवतात, आणि परीक्षेची मुलं त्या फुलांच्या सड्यावरून पुस्तकात डोकं घालून शाळेच्या दारातून आत जातात. मी गणिताची शिक्षिका. सांगलीहून लग्न होऊन इथे आले त्याला आता एक अख्खी पिढी उलटली, तरी हा ऋतू मला कधी फुलांचा वाटला नाही. मार्च म्हणजे पंख्याची घरघर, पुरवण्या बांधायचा पांढरा दोरा, घामेजलेल्या तळव्याखाली ओलसर झालेला कागद आणि शेवटच्या घंटेनंतर वर्गात उरणारा पेन्सिलीच्या भुशाचा वास.

त्या एका वर्षापासून मात्र मार्चला माझ्या लेखी आणखी एक आवाज चिकटला आहे. वळणावर ताण आलेल्या टायरचा. टायर एकदम सुटत नाही. आधी तो कण्हतो, मग बारीक आवाजात रडू लागतो, आणि त्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही तरच गाडी हातची जाते. हे मला रस्त्याने शिकवलं नाही. घरातल्या एका खेळाने शिकवलं.

त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी उठले तर डावा कान गेला होता. दुखला नाही, वाहिला नाही. न्हाताना पाणी जावं तसा बंद. मी एका पायावर उड्या मारल्या, नाक दाबून फुंकलं, कोमट तेलाची वाटी घेऊन बसले, तेव्हा माझ्या नवऱ्याने, मकरंदने, वाटी काढून घेतली आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की असं होतं, का होतं ते दर वेळी कळत नाही, गोळ्या लगेच सुरू करू, काहींचं परत येतं, काहींचं येत नाही. माझं आलं नाही. त्या जागी एक बारीक शिट्टी येऊन बसली, शेजारच्या घरात कुणी कुकर लावून विसरून गेल्यासारखी. ती आजही आहे.

एक कान गेला म्हणजे माणसाला अर्धं ऐकू येतं, असा लोकांचा समज असतो. ऐकू पुष्कळ येतं हो. ते कुठून येतं, तेवढं कळेनासं होतं. फोन वाजला की मी घरभर फिरायची आणि तो माझ्या हातातल्या पर्समध्ये असायचा. पाठीमागून कुणी हाक मारली की मी भलत्याच दिशेला वळून हसायची. आणि परीक्षेच्या वर्गात, जिथे इतकी वर्षं फळ्याकडे तोंड करूनही कुठल्या बाकावर कुजबुज चालली आहे ते मी सांगू शकत होते, तिथे आता कुजबुज छतातून पाझरायची, सगळीकडून सारखी. मी उगीचच कडक चेहरा करून सगळ्या वर्गावर नजर फिरवायची. मुलांना ते फार लवकर कळलं.

मग उपमुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. गृहस्थ मोठे सज्जन. म्हणाले, यंदा वर्गावर नको, गठ्ठे बांधायच्या खोलीत बसा, तिथे निवांत असतं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी या शहराचं आवडतं वाक्य मऊ आवाजात उच्चारलं, "स्वल्प ॲडजस्ट माडि, मॅडम."

थोडं जुळवून घ्या. बसमध्ये तिसऱ्या माणसाला जागा देताना जे वाक्य मला गोड वाटायचं, ते त्या दिवशी घशाखाली उतरेना. त्यानंतरचे सगळे दिवस मी तेच ऐकत होते, वेगवेगळ्या भाषांत. हैदराबादला नोकरी करणारी आमची सई फोनवर म्हणायची, आई, सवय होईल. सांगलीची जाऊ म्हणायची, देवाने एक तरी ठेवलाय ना. त्यांच्या बोलण्यात माया होती आणि त्या मायेत माझ्यासाठी आधीच एक छोटी खोली बांधून तयार होती.

गाडीचं त्यातच झालं. घरून शाळेला वर्तूरच्या बाजूने मी वर्षानुवर्षं स्वतः गाडी चालवत जायची. कान गेल्यावर येऊ लागलेली चक्कर थांबेपर्यंत थांबले, आणि एका रविवारी मकरंदला शेजारी बसवून बाजारात निघाले. डावीकडे वळताना गाडीच्या पाठीवर जोरात थाप बसली. एक स्कूटरवाला डाव्या अंगाने पुढे येत होता आणि त्याचा हॉर्न मला पोचलाच नव्हता. कुणाला काही झालं नाही. तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "कण्णु काणल्वा, अम्मा?" डोळ्यांनी दिसत नाही का? दिसत होतं. फक्त मी तिकडे पाहिलं नव्हतं, कारण तिकडे पाहायची वेळ आली की कान सांगतो, या सवयीवर माझं सगळं आयुष्य गेलं होतं. चूक त्याची नव्हती.

मकरंदने मला गाडी चालवू नको असं एकदाही म्हटलं नाही. त्याची पद्धत तशी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याआधी बूट घालून दारात उभा होता. "मी सोडतो ना," म्हणाला. त्यानंतर रोज. भाजी आणायची? मी सोडतो ना. जयनगरला जायचंय? मी सोडतो ना. किल्ली खुंटीवरून त्याच्या खिशात गेली आणि खिशातच राहू लागली. डॉक्टरबाईंना त्याने माझ्यासमोर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की एका कानाने गाडी चालवायला हरकत नाही, थोडे दिवस जाऊ द्या, आरसे जास्त वापरायला शिका. थोडे दिवस जाऊ द्या, एवढंच त्याने घरी आणलं. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत.

आता मकरंदच्या खेळाबद्दल सांगायला हवं. विमानांचे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात तो इंजिनिअर होता. मुदतीआधी निवृत्त झाला आणि सईच्या रिकाम्या खोलीत त्याने स्वतःसाठी शर्यतीची गाडी बांधली. म्हणजे भंगारातून आणलेलं गाडीचं सीट, लोखंडी चौकट, तिला घट्ट बसवलेलं स्टिअरिंग, पायाशी पेडल्स, समोर मोठा पडदा आणि डोक्याला हेडफोन. खेळातली गाडी मात्र अगदी खऱ्यासारखी वागते. ब्रेक उशिरा दाबला तर सरळ जाऊन धडकते, वळणावर घाई केली तर गिरकी घेते, आणि स्टिअरिंग हाताला खरोखर हिसका देतं. मकरंद जेवण झालं की तिथे जाऊन बसायचा आणि खेळातलं धांगडधिंगा संगीत शेवटच्या रेघेपर्यंत वाढवून युरोपातल्या कुठल्या तरी डोंगरात गाडी पळवायचा. कधी हेडफोन काढून ते संगीत स्पीकरवर सोडायचा, आणि मी भिंतीपलीकडे पेपर तपासत शिव्या द्यायची.

एका दुपारी शाळेतून लवकर सुटले. गठ्ठे बांधून दोऱ्याने बोटं कापली होती. मकरंद बॅडमिंटनला गेला होता. गाडीची किल्ली अर्थातच त्याच्या खिशात. मी हात धुतले, त्या खोलीत गेले आणि त्या भंगारातल्या सीटवर बसले. का, ते त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला कुठल्या तरी स्टिअरिंगवर हात ठेवायचा होता, बस.

हेडफोन लावले आणि खेळ सुरू झाला. तेच संगीत. पण त्यात नुसताच ढोल होता, एखाद्या मिरवणुकीतून सगळे निघून जावेत आणि ढोलवाला तेवढा मागे राहावा तसा. मी हेडफोन काढून उलटे घातले. आता ढोल नाही. गिटार, फक्त गिटार, एकाकी. म्हणजे ते वाजवणारे सगळे अजून तिथे होते. कुणीतरी त्यांना माझ्या दोन कानांत वाटून दिलं होतं आणि त्यातला एक वाटा दरवाजा बंद बघून परत जात होता. दवाखान्यातल्या यंत्रावर मला आलेख दाखवला होता, समजावलं होतं, कागद दिला होता. पण काय गेलं ते मला त्या ढोल आणि गिटारच्या मधल्या जागेत कळलं. मी रडले नाही. मला भयंकर राग आला.

त्या रागातच मी आवाजाचं पान उघडलं. तिथे एकाखाली एक पट्ट्या होत्या. संगीत. इंजिन. टायर. वारा. इतर गाड्या. आणि सूचना, म्हणजे खेळात कानाशी एक मदतनीस बोलत असतो, डावीकडे गाडी आहे, आता मोकळं आहे, असं सांगणारा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं की बाई, तुला काय किती ऐकायचंय? जे अर्धं येणार ते मला नकोच होतं. संगीताची पट्टी मी शून्यावर नेली. इंजिन कमी केलं. टायर शंभरावर ठेवला.

आणि निघाले. पहिल्याच वळणावर भिंतीत गेले.

दुसऱ्या दिवशी मकरंद त्या खोलीतून बाहेर आला आणि त्याचं संगीत कुठे गेलं म्हणून विचारू लागला. मी काढलं, म्हटलं. मग त्याने मुकाट्याने खेळात माझ्या नावाची वेगळी जागा करून दिली, मेधा अशी, म्हणजे माझ्या पट्ट्या माझ्या आणि त्याच्या त्याच्या. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला पुष्कळ माफ केलं आहे.

शिवाय त्याने एक युक्तीही दाखवली. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून एकाच कानात सोडायचे, त्याला मोनो म्हणतात. त्या चौकटीत खूण केली आणि बंद दारावरून परत गेलेलं सगळं माझ्या उजव्या कानात येऊन उतरलं. माझ्या फोनवरही मी तेच केलं. त्या रात्री भाकऱ्या करताना गाणं लावलं तेव्हा तबला आणि सतार दोघं एकाच पाटावर दाटीवाटीने बसलेले होते, पण होते. मला तेवढं पुरलं. गाण्याच्या बाबतीत मी जुळवून घेतलं, आनंदाने घेतलं.

रस्त्याच्या बाबतीत घेतलं नाही. कारण मोनो करून मी शर्यतीत उतरले आणि डावीकडून येणारी प्रत्येक गाडी मला येऊन धडकली. सगळेच आवाज एका जागेवरून येत होते, मोठे, स्पष्ट आणि निरुपयोगी. मग मी मदतनिसाचा आवाज वाढवला. त्याने डावीकडे म्हटलं की मी आवरायची, मोकळं म्हटलं की सुटायची. धडकणं थांबलं. मकरंद खूश झाला. मी दोन-तीन दिवस त्या आवाजाच्या बोटाला धरून चालले आणि मग एका दुपारी मोनोची खूणही काढली आणि मदतनिसालाही शून्यावर नेलं.

मकरंद मागे स्टुलावर बसून बघत होता. त्याला ते अजिबात पटलं नाही. तो म्हणाला की तो आवाज सुरक्षिततेसाठीच आहे, दोन्ही कानांचे लोकसुद्धा तो ठेवतात, तू उगीच अवघड करून घेतेस. मी हेडफोन काढले.

"वर्तूर रोडवर माझ्या कानात कोण बसणार आहे?" मी विचारलं.

"मी असेनच की शेजारी."

"नेहमी?"

तो जरा दुखावून म्हणाला, "तू कुणाचं ऐकत नाहीस, मेधा."

"अर्धं ऐकते," मी म्हटलं. "उरलेलं मला बघायला शिकायचंय. मध्ये बोलू नकोस."

आणि खरोखर मी तेच शिकले. जिथून आवाज येत नाही, तिथे बघायचं. एवढी साधी गोष्ट, पण ती अंगात मुरायला सगळी परीक्षा संपावी लागली. आधी मान विसरायची. मग वेळ चुकायची. मग हळूहळू गिअर बदलला की डावा आरसा, ब्रेकवर पाय गेला की डावा आरसा, असं हात, पाय आणि डोळे यांचं आपापसांत ठरत गेलं. डावीकडची शांतता पूर्वी मला मोकळा रस्ता वाटायची. आता तीच मला टोचू लागली: तिकडे काहीच ऐकू येत नाही ना, मग बघ. आणि उजव्या कानात तो टायर. संगीताखाली दडलेलं त्याचं बोलणं मला आता वळणावळणाला समजत होतं. इथे ओढतोय, इथे धरलंय, इथे आणखी मागू नकोस. मकरंदला ते कधी ऐकू आलं नव्हतं. एकदा त्याने माझ्या पट्ट्यांवर गाडी चालवून पाहिली आणि म्हणाला, फारच रडतो गं हा. मी म्हटलं, नेहमीच रडत होता.

बाहेर झाडांची फुलं गळून गेली. त्यांच्या जागी पोपटी पालवी आली, दुपारी धुळीचे लोट उठू लागले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शाळेतून निघून गेले. एप्रिलच्या एका रविवारी सकाळी मी मकरंदच्या हँगरवरच्या पँटच्या खिशातून किल्ली काढली आणि दाढी करत असलेल्या मकरंदला सांगितलं की मी जयनगरला शारदाक्कांकडे जातेय. शारदाक्का आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द भातात चिंचगुळाच्या आमटीसारखे मुरलेले.

तो अर्ध्या दाढीनिशी बाहेर आला. थांब, मी सोडतो म्हणाला. मी म्हटलं, तुला यायचं तर ये, पण गाडी मी चालवणार. त्याने टॉवेलने फेस पुसला आणि आला.

तो डावीकडे बसला होता. मारतहळ्ळीच्या पुलाखाली त्याच्याकडून काहीतरी बोलल्याची पुसट गुणगुण आली. शब्द काही कळले नाहीत. डाव्या आरशाकडे मान वळवताना मला त्याचे ओठ हलताना आणि त्याने दाराची मूठ घट्ट धरलेली दिसली. पुढच्या वेळी मान वळवली तेव्हा ओठ मिटले होते. आरशात एक डिलिव्हरीवाला दिसला, पाठीवर पेटी, अंगाला चिकटून पुढे घुसणारा. त्याचा हॉर्न मला आला नाही, तो स्वतः आला. मी जागा दिली. त्यानंतर आणखी एक, मग एक रिक्षा, मग रस्त्याच्या उलट दिशेने येणारी एक सायकल. सगळ्यांना मी पाहिलं. माझा शर्ट पाठीला चिकटला होता, खांदे दगडासारखे झाले होते, आणि एका सिग्नलला मी स्वतःशीच मोठ्याने हसले. मकरंद घाबरून माझ्याकडे बघत राहिला.

शारदाक्का गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी मला उजव्या बाजूने उतरताना पाहिलं आणि वर पोचल्यावर मकरंदला विचारलं, "तुम्ही कशाला आलात हो?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सरी, बरं, बस की. कॉफी स्ट्राँग करते. घाबरलीस की बघ तू."

घाबरले होतेच. ते मी लपवलं नाही. भीती वाटते म्हणून एखादी गोष्ट सोडून द्यायची असती तर मी गणित शिकवायला कधीच उभी राहिले नसते. परत येतानाही मीच चालवली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गाडी मीच नेली, आणि पुढच्या मार्चला उपमुख्याध्यापकांकडे जाऊन वर्गावर नेमणूक मागून घेतली. त्यांनी पुन्हा तेच मऊ वाक्य सुरू केलं. मी म्हटलं, सर, या वेळी तुम्ही स्वल्प ॲडजस्ट करा. तेव्हापासून मी फळ्याकडे तोंड करून उभी राहत नाही. मागच्या भिंतीला पाठ लावते, सगळा वर्ग डोळ्यांसमोर ठेवते. कुजबुज ऐकू येत नाही, पण ती करणाऱ्या मुलाची मान मला दिसते, आणि मानेला खोटं बोलता येत नाही.

हे सगळं मी गोड करून सांगत नाहीये. गर्दीत मी अजून दमून जाते. लग्नाच्या हॉलमध्ये माझ्या डाव्या बाजूला बसलेले लोक मला शिष्ट समजतात. कधी कधी मान वळवायला उशीर होतो आणि ब्रेक जोरात दाबावा लागतो. कान गेल्यामुळे मला काही वेगळी दृष्टी मिळाली असं कुणी म्हणालं तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन. माझा कान गेला. ते वाईटच झालं. त्यानंतर काय करायचं, ते मात्र मी ठरवलं.

यंदाच्या मार्चमध्ये वर्षाची तपासणी झाली. त्या बंद पेटीसारख्या खोलीत बसून मी टिटवीसारखे आवाज ऐकत बटण दाबत होते आणि मध्येच बराच वेळ काही आलं नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी आलेख दाखवला. उजव्या कानातही बारीक, वरच्या पट्टीतले आवाज थोडे उतरले आहेत. वयाचं असेल, म्हणाल्या, लगेच काळजीचं नाही, पण लक्ष ठेवू. मकरंद माझ्याबरोबर पार्किंगमध्ये आला. गाडीपाशी आल्यावर त्याने किल्लीसाठी हात पुढे केला नाही. तो डावीकडे जाऊन बसला आणि त्याने पट्टा लावला. मी गाडी घरी आणली. वाटेत दोन्हीकडे झाडं नुसती पेटलेली होती.

संध्याकाळी मी त्या खोलीत गेले. हेडफोन खुंटीवरच राहू दिले. आवाजाचं पान उघडलं. इंजिन शून्य. इतर गाड्या शून्य. वारा शून्य. टायरवर जरा थांबले. इतक्या दिवसांची आमची सोबत. मग तोही शून्य.

आणि निघाले. पहिल्या वळणावर मागचं चाक सुटलं, कारण सांगणारं कुणी नव्हतं. गाडी गवतात गेली. परत रस्त्यावर घेतली. दुसऱ्या फेरीत मला हाताला काहीतरी कळू लागलं. टायर रडायच्या जरा आधी स्टिअरिंग किंचित हलकं होतं, भरलेली बादली कुणी खालून उचलून धरावी तसं. ते नेहमीच होत असणार. आवाज होता म्हणून मी हाताला विचारलंच नव्हतं. तिसऱ्या फेरीत मी त्या हलकेपणाची वाट पाहत वळणात शिरले आणि तो आल्याबरोबर आवरलं. गाडी वळणातून सरळ बाहेर आली. वेळ पूर्वीपेक्षा बरीच जास्त लागली. पण भिंत कुठे लागली नाही.

मकरंद चहा घेऊन आत आला. पडद्यावर गाडी वेगात चाललेली आणि खोलीत चिडीचूप. स्पीकर बंद, हेडफोन खुंटीवर. तो एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे बघत दारातच उभा राहिला. मग पुढे येऊन माझ्या उजव्या बाजूला वाकला आणि भीत भीत म्हणाला, "आवाज गेला का गं?"

पुढे चढणीचं वळण होतं. मी डावा आरसा पाहिला, हातातलं वजन पाहिलं आणि गिअर टाकला.

"गेला नाही," मी म्हटलं. "मी बंद केलाय."